वय आधी काय नेतं?

१५ नोव्हेंबर २०२४. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनमध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलसमोर रिंगमध्ये उतरला. सुरुवातीला जुनी चमक दिसली, मग पाय जड होत गेले आणि आठ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी पॉलच्या बाजूनं कौल दिला. बरोबर महिन्यानं, १५ डिसेंबरला, बेंगळुरूमध्ये मुंबईनं सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो डोंबिवलीत वाढलेला, ३६ वर्षांचा अजिंक्य रहाणे. त्याच्या धावा ४६९, स्ट्राइक रेट १६४. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यानं ५६ चेंडूंत ९८ धावा कुटल्या होत्या.

टी-ट्वेंटीत छत्तिशी म्हणजे म्हातारपण, असं मानणाऱ्यांनी रहाणेला कधीच बाजूला काढलं होतं. २०२३च्या आयपीएलसाठी चेन्नईनं त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं, तेव्हा फारशी चर्चाही झाली नाही. त्या मोसमात त्यानं १७२च्या स्ट्राइक रेटनं ३२६ धावा केल्या. खेळाडूचं वय सांगून निकाल देण्याची आपली घाई मला चुकीची वाटते ती यासाठीच. वय शरीरातलं सगळं एकदम नेत नाही. आधी काय नेतं आणि तो खेळ नेमकं तेच मागतो का, हे पाहावं लागतं.

सगळ्यात आधी जातो तो स्फोटक जोर. आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात : सावकाश आकसणारे, न थकणारे, आणि झटक्यात आकसणारे, लवकर थकणारे. ठोसा, उडी, शंभर मीटरची धाव हे सारं दुसऱ्या प्रकारावर चालतं आणि वयानुसार जास्त बारीक होतात तेही हेच. साठीच्या पुढे या तंतूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीही कमी होत जातात. अनाथ झालेल्या काही तंतूंना शेजारची, संथ तंतू चालवणारी मज्जापेशी आपल्याकडे घेते. तंतू जगतो, पण संथ होऊन. म्हणूनच वजन उचलण्याची ताकद बरीच टिकलेली असतानाही ते झटक्यात उचलणं जमेनासं होतं.

दमाचं गणित निराळं आहे. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती क्षमता बैठं काम करणाऱ्यात तिशीनंतर दर दशकात सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नेटानं धावत राहणाऱ्यात ही घट साधारण निम्म्यावर येते. कॅनडाचा एड व्हिटलॉक २००४ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन धावला. ठाण्यात उपवनला किंवा कल्याणच्या काळा तलावावर पहाटे घाम गाळणाऱ्या पन्नाशीतल्या मंडळींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि काही गोष्टी वयाबरोबर वाढतात. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २०००मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. फलंदाज चेंडूचा पाठलाग करत राहत नाही. चेंडू कुठे टप्पा घेणार याचा अंदाज बांधून तो नजर आधीच तिथे नेऊन ठेवतो. हा अंदाज हजारो चेंडूंच्या साठवणीतून येतो. लहानपणापासून डोंबिवलीहून लोकलनं मुंबई गाठून सराव करणाऱ्या रहाणेकडे ती साठवण किती असेल! चेकनाक्यापलीकडच्या मुलुंडचा प्रवीण तांबे तर ४१व्या वर्षी आयपीएलमध्ये आला आणि ४२व्या वर्षी कोलकात्याविरुद्ध त्यानं हॅट्‌ट्रिक घेतली. लेगस्पिन मनगट आणि डोकं मागते, मांड्यांचा स्फोट नाही.

मग बॉक्सिंग? तिथेही अंदाज चालतो. सरळ ठोसा प्रतिक्रियेला लागणाऱ्या वेळेच्या आत पोहोचतो, त्यामुळे जाणता बॉक्सर मुठीऐवजी खांदा आणि कंबर वाचतो. बर्नार्ड हॉपकिन्सनं ४६व्या वर्षी जागतिक किताब जिंकला तो या वाचनावर. जॉर्ज फोरमन १९९४मध्ये, ४५व्या वर्षी, २६ वर्षांच्या मायकेल मूररकडून गुणांवर मार खात होता. दहाव्या फेरीत उजव्या हाताचा ठोसा नीट बसला आणि मूरर आडवा झाला. आपली मेरी कोम २०१८मध्ये, पस्तिशीत, सहाव्यांदा जगज्जेती झाली.

तरीही बॉक्सिंगला मी वेगळं ठेवतो. स्नायूची झीज सरावानं रोखता येते, काही अंशी भरूनही काढता येते. १९९०मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या लोकांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. मेंदूवरचे घाव मात्र जमा होत जातात. हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरनं १९२८मध्येच बॉक्सरांच्या अडखळत्या चालीची आणि मंदावलेल्या बुद्धीची नोंद केली होती. फोरमन १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं रिंगबाहेर होता. त्या काळात त्याच्या डोक्यानं ठोसे खाल्ले नाहीत. मुहम्मद अली ३८व्या वर्षी लॅरी होम्ससमोर उभा राहिला, दहा फेऱ्या मार खात राहिला आणि १९८४मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. त्या सामन्यानंच आजार झाला, असं कुणी म्हणू शकणार नाही. पण तो सामना व्हायला नको होता, हे मी ठामपणे म्हणेन. ऑलिंपिक बॉक्सिंगची चाळिशीची मर्यादा म्हणूनच मला जाचक वाटत नाही.

मेंदूच्या या धोक्यात आणखी एक भर पडते. वयानुसार मेंदू किंचित आक्रसतो. कवटी तेवढीच राहते, त्यामुळे मेंदूपासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. तरुणाला सहज पचणारा धक्का साठीत त्या शिरा फाडू शकतो आणि रक्त हळूहळू साचत राहतं.

हल्ली व्यायाम म्हणून बॉक्सिंग शिकणारे चाळिशी-पन्नाशीतलेही भेटतात. ग्लोव्ह्ज चढवून बॅगवर मारा करणं, दोरीवरच्या उड्या, पायांची हालचाल यांतून झटक्याचे तंतू, दम आणि तोल तिन्हींना काम मिळतं. हे जरूर करावं. स्पारिंगमध्ये डोक्यावर ठोसे घेणं मात्र टाळावंच. आणि उतारवयात कुठेही, अगदी लोकलच्या दारातल्या धक्काबुक्कीतही, डोक्याला जोरात लागलं तर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावं. वाढत जाणारी डोकेदुखी, विसराळूपणा, एका बाजूचा हातपाय ओढला जाणं यातलं काही दिसलं तर वयाला दोष न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठून सीटी स्कॅनबद्दल विचारावं. साचलेलं रक्त वेळेत सापडलं, तर बहुतेकदा शस्त्रक्रियेनं काढून टाकता येतं.