साठ सह्यांचा शत्रू : हिवताप आणि बालकांची प्रतिकारशक्ती

केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासा बंदराच्या उत्तरेस, किलिफी नावाचे एक लहानसे गाव आहे. पावसाळ्यानंतर डासांची दाटी झाली की तेथील रुग्णालयाच्या बालरोग कक्षात एक दृश्य वर्षानुवर्षे दिसत आले आहे. दोन-तीन वर्षांचे मूल आईच्या खांद्यावर निपचित पडलेले असते. काल संध्याकाळपर्यंत ते अंगणात खेळत होते. आज हाक मारली तरी डोळे उघडत नाही. शेजारच्या खाटेवरील मुलालाही तोच हिवताप झालेला असतो, परंतु ते औषध घेऊन उठून बसते आणि दोन दिवसांत घरी जाते. आणि या मुलांना घेऊन आलेल्या आयांपैकी एखादीच्या रक्तातही तेच परजीवी फिरत असतात. तिला मात्र साधी कणकणही जाणवत नाही.

परजीवी एकच असताना एकाला मृत्यूच्या दारात नेणारा, दुसऱ्याला केवळ ताप देणारा आणि तिसऱ्याला काहीच न जाणवू देणारा हा भेद कोठून येतो? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील हिवतापाचे संशोधन बऱ्याच अंशी याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि सुमारे ५ लाख ९७ हजार लोक त्याने दगावले. यांतील ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागातील होते आणि त्यांतही चारपैकी तीन मृत्यू पाच वर्षांखालील बालकांचे होते. या आकड्यांमागील कारण मुलांच्या शरीरात चालणाऱ्या एका अदृश्य झुंजीत आहे.

परजीवीचा मार्ग

हिवतापाच्या परजीवींपैकी सर्वांत घातक म्हणजे प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम. ॲनोफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून मूठभर सूक्ष्म परजीवी शरीरात शिरतात आणि थोड्याच वेळात यकृत गाठतात. तेथे सुमारे आठवडाभर त्यांची वाढ होते. या काळात रुग्णाला काहीही कळत नाही. मग यकृताच्या पेशी फुटून हजारो नवे परजीवी रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींमध्ये घुसतात. दर ४८ तासांनी पेशी फुटते, नवी पिढी बाहेर पडते आणि ताप उसळतो.

रक्तातील जुन्या व बिघडलेल्या पेशी गाळून काढण्याचे काम प्लीहा करते. तिच्या तावडीतून सुटण्यासाठी परजीवीने एक युक्ती साधली आहे. तो ज्या तांबड्या पेशीत राहतो तिच्या पृष्ठभागावर स्वतःचे एक प्रथिन आणून बसवतो. शास्त्रज्ञ त्याला पीएफईएमपी-१ म्हणतात. या प्रथिनामुळे पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते आणि प्लीहेपर्यंत पोहोचतच नाही. चिकटण्याची ही जागा मेंदूतील असेल, तर प्रसंग जिवावर बेततो.

मोठ्यांच्या रक्तातील ठेव

हिवतापाच्या प्रदेशात वाढलेल्या प्रौढांना या रोगापासून काही संरक्षण लाभते, हे निरीक्षण जुने आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १९०० च्या सुमारास न्यू गिनी बेटावर लहान मुलांच्या रक्तात परजीवी मुबलक आणि प्रौढांच्या रक्तात विरळ असल्याचे पाहिले होते. परंतु हे संरक्षण नेमके कशात असते, याचा स्पष्ट पुरावा १९६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशात मिळाला. सिडनी कोहेन, इयान मॅकग्रेगर आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी काढली आणि हिवतापाने आजारी असलेल्या लहान मुलांना टोचली. काही दिवसांतच त्या मुलांच्या रक्तातील परजीवींची संख्या झपाट्याने घटली. पुढे पश्चिम आफ्रिकेतील प्रौढांची प्रतिपिंडे पूर्व आफ्रिकेतील मुलांनाही उपयोगी पडल्याचे दिसले.

प्रौढांच्या रक्तात अनेक वर्षांच्या आजारपणांतून साठलेली एक ठेव असते आणि ती दुसऱ्याच्या कामी येऊ शकते, हे यातून सिद्ध झाले. नवजात बालकालाही या ठेवीचा छोटा वाटा आईकडून मिळतो. म्हणूनच पहिले काही महिने ते बरेचसे सुरक्षित असते. तो वाटा संपला, की स्वतःची कमाई सुरू होईपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा असतो.

नमुना सहीचा प्रश्न

ही कमाई इतकी सावकाश का होते? गोवराचा आजार एकदा झाला की तो सहसा पुन्हा होत नाही. हिवतापाचे तसे नाही. याचे उत्तर परजीवीच्या बहुरूपीपणात आहे.

बँकेच्या काउंटरवर धनादेश आला की कर्मचारी नमुना सही काढून ती ताडून पाहतो. शरीराची प्रतिकारव्यवस्था साधारण असेच करते. एकदा पाहिलेल्या प्रथिनाचा नमुना ती जपून ठेवते आणि पुन्हा तेच प्रथिन दिसले की त्याच्याशी जुळणारी प्रतिपिंडे तत्काळ बाहेर काढते. परंतु फाल्सिपेरम परजीवीच्या जनुकसंचात पीएफईएमपी-१ तयार करणारी सुमारे ६० जनुके आहेत. एका वेळी तो त्यांतील एकच वापरतो. शरीराने ती सही ओळखली, की त्याच्या वंशजांपैकी काही दुसरी सही करून पुढे येतात. शिवाय दुसऱ्या डासाने आणलेल्या परजीवीचा साठ सह्यांचा संच बराचसा निराळाच असतो.

किलिफी येथील संशोधकांनी ही गोष्ट १९९८ मध्ये मुलांच्या रक्तातूनच दाखवून दिली. पीटर बुल, केविन मार्श आणि सहकाऱ्यांकडे गावातील मुलांचे आजारापूर्वी घेतलेले रक्तनमुने जपून ठेवलेले होते. पुढे त्यांतील जी मुले आजारी पडली, त्यांच्या परजीवींशी हे जुने नमुने ताडून पाहिले गेले. ज्या रूपाविरुद्ध मुलाच्या रक्तात आधी प्रतिपिंडे नव्हती, नेमक्या त्याच रूपाच्या परजीवीने त्याला आजारी पाडले होते. बरे झाल्यावर त्याच मुलाच्या रक्तात त्या रूपाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. प्रतिकारशक्तीच्या वहीतील जे पान कोरे, तेथूनच शत्रू आत शिरला होता. आणि आजारातून उठताना मुलाने ते पान भरले होते.

सर्वांत घातक रूप सर्वांत आधी

मुलाला साठाच्या साठ रूपांतून जावे लागत असते, तर फारच थोडी मुले मोठी झाली असती. येथे एक दिलासा आहे. सुनेत्रा गुप्ता, रॉबर्ट स्नो, केविन मार्श आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये आकडेवारीच्या आधारे मांडले, की मेंदूचा हिवताप वगळता इतर गंभीर प्रकारांविरुद्धचे संरक्षण पहिल्या एक-दोन संसर्गांनंतरच मिळू लागते. याचा अर्थ, गंभीर आजार घडवणारी रूपे मोजकी असावीत आणि ती लवकर ओळखीची होत असावीत.

ही रूपे कोणती, याचा एक महत्त्वाचा धागा २०१३ मध्ये हाती आला. गंभीर आजाराशी जोडलेली काही पीएफईएमपी-१ प्रथिने रक्तवाहिन्यांच्या आतील भिंतीवरील ईपीसीआर नावाच्या ग्राहक प्रथिनाला धरून बसतात, असे कोपनहेगनमधील संशोधकांच्या गटाने दाखवले. रक्ताचे अवाजवी गोठणे आणि भिंतीचा दाह आवरणे हे ईपीसीआरचे नित्याचे काम. परजीवीने ती जागा अडवली की दोन्हींवरचा लगाम सुटतो. ज्या मुलाकडे या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे आहेत, त्याला ताप येईल, पण त्याची रक्तवाहिनी शत्रूच्या हाती सहजासहजी जाणार नाही.

टांझानियातील ८८२ बालकांच्या अभ्यासातून २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. गंभीर आजारापासून संरक्षण मिळाल्यानंतरही मुलांच्या रक्तातील परजीवींची संख्या मोठीच राहू शकते. म्हणजे शरीर शत्रूला हाकलण्यापूर्वी त्याच्या उपद्रवाला आवर घालायला शिकते. परजीवींची संख्या आटोक्यात ठेवणारी शक्ती त्यानंतर, बऱ्याच वर्षांनी येते.

रक्षकच अनावर झाला तर

रोगाच्या तीव्रतेचा सगळा दोष परजीवीकडे जात नाही. संसर्ग झाल्यावर शरीर दाह वाढवणारे रासायनिक संदेश सोडते. टीएनएफ हा त्यांतील एक. योग्य प्रमाणात तो परजीवीला रोखतो. मात्र मेंदूच्या हिवतापाने दगावलेल्या आफ्रिकी मुलांच्या रक्तात त्याचे प्रमाण फार वाढलेले आढळले. म्हणून गांबियात टीएनएफ रोखणारे औषध देऊन पाहिले गेले. १९९६ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाचलेल्या मुलांत मज्जासंस्थेचे दोष अधिक राहिले. इतक्या गुंतागुंतीच्या व्यवस्थेतील एकच दोरा ओढून गाठ सुटत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

मलावीतील ब्लँटायर येथे टेरी टेलर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या हिवतापाच्या मुलांच्या एमआरआय तपासण्या केल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दगावलेल्या २५ मुलांपैकी २१ मुलांचा मेंदू अतिशय सुजलेला होता. कवटीत जागा नसल्याने सुजेचा दाब श्वास चालवणाऱ्या केंद्रावर येतो आणि श्वास थांबतो. जी मुले वाचली, त्यांतील अनेकांची सूज एक-दोन दिवसांतच ओसरली होती. त्या एक-दोन दिवसांत श्वास टिकवून धरता आला, तर मूल वाचू शकेल, अशी आशा या अभ्यासाने दिली.

आजाराविना नोंद

मुलाने आजारी पडूनच प्रतिकारशक्ती मिळवायची, ही किंमत कोणत्याही आईबापांना परवडणारी नाही. लस म्हणजे आजार न भोगता वहीत केलेली नोंद होय. परंतु बहुरूपी प्रथिनांविरुद्ध लस करणे कठीण ठरले. माली देशात परजीवीच्या एएमए-१ या प्रथिनावर आधारलेली लस २०११ च्या अहवालानुसार एकूण १७ टक्केच परिणामकारक ठरली. लसीतील रूपाशी तंतोतंत जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध मात्र ती ६४ टक्के उपयोगी होती. येथेही अडचण सहीचीच होती.

म्हणून यशस्वी लसींनी वेगळी वाट धरली. डासाने सोडलेला परजीवी यकृतात पोहोचण्यापूर्वी त्याच्या अंगावर सर्कमस्पोरोझॉइट नावाचे प्रथिन असते आणि त्याचा मधला भाग फारसा बदलत नाही. त्यावर आधारलेली आरटीएस,एस ही लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये बालकांसाठी शिफारस केली. घाना, केनिया आणि मलावी येथील वीस लाखांवर मुलांना ती दिल्यावर, लसीस पात्र वयोगटातील सर्व कारणांनी होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

दुसऱ्या लसीचा धागा महाराष्ट्राशी जुळतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर२१/मॅट्रिक्स-एम ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस मिळाली. जेथे हिवताप ठरावीक ऋतूत येतो, तेथे ऋतूच्या आधी दिलेल्या तीन डोसांनी पुढील वर्षभरात हिवतापाचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी कमी केले. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टने ती नियमित लसीकरणात प्रथम आणली. पुण्यात भरलेली कुपी पश्चिम आफ्रिकेतील एखाद्या खेड्यातील तान्ह्या मुलाच्या दंडात पोहोचते, ही प्रत्येक मराठी माणसाला समाधान देणारी गोष्ट आहे.

तरीही या लसी संपूर्ण कवच नव्हेत. त्यांचा प्रभाव काळानुसार ओसरतो, म्हणून वर्धक मात्रा लागते. मच्छरदाणी, वेळेवर तपासणी आणि औषध यांची गरज कायम राहते.

घरात लक्षात ठेवण्यासारखे

व्यापारानिमित्त पूर्व आफ्रिकेशी अनेक कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. नैरोबी, मोंबासा, दारेसलाम येथे आजही येणे-जाणे चालू असते. अशा घरांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी : हिवतापाची प्रतिकारशक्ती कायमची ठेव नाही. सतत संसर्गात राहिल्यानेच ती टिकते. तेथे जन्मलेला तरुण शिक्षणासाठी काही वर्षे परदेशी राहून परतला, तर त्याची ही शिल्लक बरीचशी संपलेली असू शकते. ‘आम्हाला तिकडची सवय आहे’ हे वाक्य मग घातक ठरते. भारतातून प्रथमच जाणाऱ्या मुलांकडे तर ती शिल्लक मुळातच नसते. प्रवासापूर्वी डॉक्टरांकडून प्रतिबंधक औषध विचारून घ्यावे. परतल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करावी आणि प्रवासाची माहिती डॉक्टरांना आपणहून सांगावी. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यासारख्या भागांत फाल्सिपेरम हिवताप आपल्या राज्यातही आहे, याचाही विसर पडू नये. ताप असलेले मूल गुंगीत जाऊ लागले, झटके आले, श्वास जलद झाला किंवा ते अतिशय फिकट दिसू लागले, तर सकाळची वाट पाहू नये.

किलिफीतील त्या कक्षात शेजारी शेजारी पडलेल्या दोन मुलांमधील फरक नशिबाचा वाटतो. बराचसा तो त्यांच्या शरीरांनी आजवर काय पाहिले आणि काय ओळखले याचा असतो. ती ओळख मुलाच्या जिवाचे मोल न देता त्याला लाभावी, यासाठी साठ वर्षांहून अधिक काळ गांबिया, केनिया, टांझानिया, मलावीतील आयांनी आपल्या लेकरांच्या रक्ताचे थेंब संशोधकांच्या हाती विश्वासाने दिले. आजची लस ही त्या विश्वासाची पहिली परतफेड आहे. ऋण अजून पुष्कळ शिल्लक आहे.