उतारवयातील स्नायूंची झीज : माप कोणाच्या देहाचे?

वय झाले की माणूस वाळायचाच, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. आईला जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागतो, वडिलांना भरलेली कळशी उचलवत नाही, तरी आपण म्हणतो, "आता वय झाले." पण म्हातारपण वेगळे आणि स्नायूंची झीज वेगळी. या झिजेला १९८९ साली अमेरिकेतील आहारशास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'मांस' आणि 'उणीव' या शब्दांपासून ते बनले आहे. नाव मिळाले, पण प्रश्न उरला : उणीव ठरवायची कोणाच्या तुलनेत?

१९९८ मध्ये न्यू मेक्सिकोतील बाउमगार्टनर व सहकाऱ्यांनी यावर एक रीत मांडली. हातापायांतील स्नायूंचे वजन किलोत घ्यायचे आणि त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. फक्त हातपायच का? कारण धडात यकृत, मूत्रपिंड यांचेही वजन मिसळते. हे मोजमाप डेक्सा यंत्राने होते. दोन वेगवेगळ्या शक्तींच्या क्ष-किरणांनी ते हाड, चरबी आणि मऊ मांस वेगळे दाखवते. मग निरोगी तरुणांची सरासरी काढायची आणि तिच्यापेक्षा दोन प्रमाण विचलनांनी खाली असलेल्यांचे स्नायू उणे समजायचे. त्यांनी पुरुषांसाठी ७.२६ आणि स्त्रियांसाठी ५.४५ ही सीमा काढली.

म्हणजे म्हाताऱ्यांच्या आजाराची रेघ निरोगी तरुणांच्या देहावरून ओढली जाते. ते तरुण कोण, यावर सगळे अवलंबून आहे. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१४ मध्ये आपली वेगळी सीमा ठरवली : डेक्सावर पुरुषांना ७.०, स्त्रियांना ५.४. दीड मीटर उंचीच्या बाईच्या हातापायांत १२ किलो स्नायू असतील, तर भागाकार ५.३३ येतो. ती या रेघेच्या खाली जाते.

भारतीय देहाची गोष्ट आणखी निराळी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असा सारखाच होता. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. नुसत्या वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

परकी रेघ लावली तर आपली धडधाकट सडपातळ माणसे रोगी ठरतील. उलट, अर्धपोटी वाढलेल्या तरुणांची सरासरी धरली, तर उणीवच 'सामान्य' ठरेल आणि खरा अशक्त माणूस उपचारांवाचून राहील. म्हणून निरोगी कोणाला म्हणायचे, हा प्रश्न प्रयोगशाळेइतकाच चुलीजवळचाही आहे, असे आम्हाला वाटते.

नुसत्या वजनाने भागत नाही, हेही आता मान्य झाले आहे. २०१९ च्या सुधारित युरोपीय व्याख्येत ताकदीला पहिले स्थान आहे. घरीही एक साधी चाचणी करता येते. हात नसलेल्या पक्क्या खुर्चीवर बसावे, हात छातीशी घडी घालून पाच वेळा उठावे-बसावे. १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर आशियाई निकषानुसार डॉक्टरांना दाखवावे. पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे हाही इशाराच. चाचणीच्या वेळी शेजारी कोणीतरी उभे असावे.

झीज थोपवता येते. बोस्टन येथे सरासरी ९० वर्षांच्या वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. १९९० मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अर्थात तिथे देखरेख होती. आपणही डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आहाराचेही तसेच. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डाळ, अंडी, सुकट, शेंगदाणे, दूध हे महागडे डबे नव्हेत. पण घरातील वडीलधाऱ्या बाईच्या ताटात ते शेवटी उरले तरच पडतात. वाचक बंधू-भगिनींनो, तिचे ताट आधी वाढा. तिच्या पायांतील बळाचा पहिला हिशेब तिथेच लागतो.