हाकेला ओ देणारा ससा

कुत्र्याला हाक मारली की तो शेपूट हलवत येतो, याचे कुणाला नवल वाटत नाही. मांजर मनात असेल तर येते. पण ससा? पाठीवर पान पडले म्हणून आभाळ कोसळले असे समजून धावत सुटणारा, ही त्याची गोष्टीतली ओळख. असा प्राणी हाक ऐकून पळून जाण्याऐवजी जवळ येईल का? येतो. काही आठवडे नेमाने सवय लावली तर पाळीव ससा हाकेला येऊ लागतो.

आमच्या घरी काही वर्षे एक राखाडी ससा होता. मुलांनी त्याचे नाव भुऱ्या ठेवले होते. महिनाभरात तो हाकेला येऊ लागला आणि आम्हा सर्वांना त्याचे कोण कौतुक! पुढच्याच महिन्यात मात्र तो येईनासा झाला. उलट ‘भुऱ्या’ म्हटले की पलंगाखाली जाऊन बसू लागला. असे का झाले असावे? त्याचे उत्तर शोधताना आम्हाला शिकण्याच्या प्रक्रियेचे दोन-तीन नियम नव्याने तपासावे लागले. ते शिक्षकांच्याही उपयोगाचे आहेत, म्हणून येथे देत आहोत.

कोणता ससा?

आधी एक खुलासा. घरात पाळतात तो ससा मूळचा युरोपातल्या, बिळे करून राहणाऱ्या जातीचा आहे. आपल्या माळरानात दिसणारा ससा वेगळ्या प्रजातीचा. पाळीव सशाची पिल्ले जन्मतात तेव्हा उघडीबोडकी असतात, त्यांचे डोळे मिटलेले असतात. रानसशाची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. आई त्यांना गवतात ठेवून निघून जाते आणि थोडाच वेळ दूध पाजायला परतते. म्हणून शेतात एकटे दिसलेले पिल्लू पोरके समजून मुलांनी शाळेत आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशाला संरक्षणही आहे. पुढचे सर्व विवेचन पाळीव सशापुरते आहे.

सशाच्या बाजूने पाहू

ससा हा इतरांचे भक्ष्य असलेला प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. पण नेमके नाकापुढचे थोडे क्षेत्र दिसत नाही. त्याचे कान आवाजाच्या दिशेने वळतात. वरून झेपावणारी वस्तू म्हणजे त्याच्या दृष्टीने शिकारी पक्षी. आपण उभ्याने वाकून हात पुढे केला तर तो दचकतो, यात त्याचा दोष नाही. म्हणून पहिले काही दिवस काहीच शिकवू नये. जमिनीवर स्वस्थ बसावे आणि सशाला आपणहून हुंगायला येऊ द्यावे. कान धरून तर कधीच उचलू नये. उचलताना त्याने मागच्या पायांनी जोराचा झटका दिला तर त्याचा कणाही मोडू शकतो.

हाक आणि खाऊ

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाच्या आधी ठरावीक आवाज वारंवार ऐकवला तर पुढे नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवले. आवाज हा अन्नाचा संकेत झाला. यालाच अभिसंधान म्हणतात. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. खटका असलेल्या पेटीत कोंडलेले मांजर धडपडताना केव्हातरी खटका उघडते, बाहेर येते आणि खाणे मिळवते. पुढच्या खेपांना लागणारा वेळ कमी कमी होत जातो. ज्या कृतीचे फळ चांगले, ती कृती टिकते.

सशाला हाकेची सवय लावताना हे दोन्ही नियम एकदम काम करतात. हाक हा खाऊचा संकेत बनतो, आणि जवळ येण्याच्या कृतीचे फळ म्हणून खाऊ मिळतो. या फळालाच मानसशास्त्रात प्रबलन असे नाव आहे.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. गंमत म्हणजे हे दाखवणाऱ्या प्रयोगांत सशाचा मोठा वाटा आहे. १९६२ मध्ये गोर्मेझानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाला एक स्वर ऐकवला आणि लगोलग डोळ्यावर हवेचा हलका झोत सोडला. अशा अनेक खेपांनंतर ससा नुसता स्वर ऐकून डोळ्याची आतली पापणी सरकवू लागला. या पद्धतीने पुढे झालेल्या प्रयोगांत दिसले की स्वर झोताच्या सेकंदाच्या काही अंशभर आधी आला तर शिकणे उत्तम होते. अंतर बरेच वाढवले तर शिकणे मंदावते. १९८० नंतरच्या दशकात रिचर्ड थॉम्प्सन यांच्या गटाने ही आठवण अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत, कुठे साठते याचा माग काढला. खाऊच्या बाबतीत वेळ इतका काटेकोर नसतो. पण हाक आधी आणि खाऊ लगेच नंतर, हा क्रम तोच.

शिकवण्याचा क्रम

ससे पहाटे आणि संध्याकाळी उत्साही असतात. त्या वेळी पाच-पाच मिनिटे पुरेत. खाऊ म्हणून कोथिंबिरीची एक काडी किंवा गाजराचा नखाएवढा तुकडा घ्यावा. गाजरात साखर असते, तेव्हा ते बेतानेच. बिस्किटे, पाव देऊ नयेत.

प्रथम हातभर अंतरावरून, एकाच सुरात, एकदाच नाव घ्यावे आणि लगेच खाऊ बाजूने पुढे करावा. नाव ऐकताच ससा मान वर करू लागला की एक फूट मागे सरावे, मग तीन फूट, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आला नाही तर हाका मारत राहू नये. उत्तर नसलेल्या दहा हाका म्हणजे हाकेला काही अर्थ नाही, हाच धडा. थोडे जवळ जाऊन पुन्हा सुरुवात करावी. सवय पक्की झाल्यावर खाऊ दर वेळी न देता अधूनमधून द्यावा. केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेल्या फळामागची सवय अधिक चिवट असते.

भुकेला ठेवला तर लवकर शिकेल, असे कुणाला वाटेल. हे मात्र कधीही करू नये. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. अर्धा दिवस न खाल्लेला ससा आजारी समजून पशुवैद्याकडे न्यावा. त्याच्यापुढे गवत नेहमी असलेच पाहिजे.

भुऱ्या का येईना?

आता आमच्या भुऱ्याकडे वळू. तो हाकेला येतो हे कळल्यावर आम्ही ती सोय वाटेल तशी वापरली. नखे कापायची आहेत, मारा हाक. रात्री पिंजऱ्यात कोंडायचे आहे, मारा हाक. औषध पाजायचे आहे, मारा हाक. खाऊ विसरत गेला. काही दिवसांतच हाक हा नखे कापण्याचा संकेत बनली. ससा काही विसरला नव्हता, तो नवे शिकला होता, आणि ते अगदी बरोबर शिकला होता! आम्ही ते नाव सोडून दिले, नवी हाक निवडली आणि पुन्हा हातभर अंतरापासून आरंभ केला. अप्रिय कामासाठी आपण उठून सशाकडे जायचे, त्याला बोलवायचे नाही, असा घरात नियम केला.

नाव की फ्रीजचे दार?

तो पुन्हा येऊ लागल्यावर धाकट्या मुलाने शंका काढली, “पण तो नाव ओळखतो, की फ्रीज उघडल्याचा आवाज?” प्रश्न बिनतोड होता. बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकांचा घोडा खूर आपटून गणिते सोडवी. तो वस्तुतः प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपत होता, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवले. म्हणून आम्ही हाक मारणाऱ्याला पडद्याआड उभे केले. नवे नाव, त्याच सुरात ‘खुर्ची’, आणि नुसते फ्रीजचे दार, यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. ससा आला की नाही याची नोंद करणाऱ्या मुलाच्या कानांत कापूस घातला. फ्रीज उघडताच ससा धावत आला. नावाला आला, आणि ‘खुर्ची’लाही तितक्याच आनंदाने आला! त्याला सूर कळत होता, शब्द नव्हे. मग नावानंतरच खाऊ द्यायचा, ‘खुर्ची’नंतर नाही, असा क्रम ठेवावा लागला, तेव्हा त्याला दोहोंतला फरक कळू लागला. शाळेत वा कुणाच्या घरी ससा असेल तर हा प्रयोग मुलांकडून अवश्य करून घ्यावा. तुलनेसाठी दुसरा शब्द का हवा, हे त्यांना सांगावे लागणार नाही.

मुलांचे शिकणे सशाच्या शिकण्याहून कितीतरी गुंतागुंतीचे आहे. तरी एक प्रश्न आम्ही स्वतःला विचारला आणि तो शिक्षकांपुढेही ठेवतो. वर्गात आपण काही मुलांची नावे दिवसातून अनेकदा घेतो. एका दिवसापुरती वहीत नोंद करावी : कोणते नाव घेतले आणि त्यानंतर काय आले, रागावणे, शिक्षा, प्रश्न की शाबासकी? एखाद्या मुलाच्या नावापुढे दिवसभर फक्त रागावणेच आले असेल, तर नाव घेताच तो मान खाली का घालतो, हे वेगळे शोधावे लागणार नाही.