संशोधकाच्या कामाचें मोजमाप

आमच्या एका सभासदानें मागें विचारलें होतें कीं, अमुक कृषिशास्त्रज्ञाचा ‘एच-निर्देशांक’ मोठा आहे असें छापून येतें. तो मोठा असला म्हणजे आमच्या शेतांत काय मोठें होतें? प्रश्न थट्टेचा दिसला तरी थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. संशोधन बहुतांशीं सार्वजनिक पैशानें चालतें. त्याची परीक्षा कोणत्या मापानें होते हें शेतकऱ्यास कळलें पाहिजे, कारण ज्या मापास भाव, त्या मापाचा माल बाजारांत येऊं लागतो.

मूळ कल्पना साधी आहे. वकील आपल्या बाजूस पूर्वींच्या निवाड्यांचे दाखले देतो. त्याचप्रमाणें शास्त्रज्ञ निबंधाच्या शेवटीं, ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांचे दाखले देतो. अमेरिकेंत निवाड्यांच्या दाखल्यांची सूचि १८७३ पासून निघत असे. तिच्यावरून यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं शास्त्रीय निबंधांचीही तशीच सूचि करावी असें सुचविलें, व १९६४ पासून ती प्रसिद्ध होऊं लागली. कोणाच्या निबंधाचा आधार किती जणांनीं घेतला हें त्यामुळें मोजतां येऊं लागलें. पुढें २००५ सालीं होर्हे हर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें निबंधांची संख्या व दाखल्यांची संख्या यांची सांगड एकाच अंकांत घातली, तोच एच-निर्देशांक. समजा, एका शास्त्रज्ञाचे सहा निबंध आहेत व त्यांस अनुक्रमें ४०, २२, ९, ५, ४ व १ असे दाखले मिळाले. यांपैकीं चार निबंधांस प्रत्येकीं चार किंवा अधिक दाखले आहेत, पण पांच निबंधांस पांच-पांच नाहींत. म्हणून त्याचा अंक ४. पहिल्या निबंधास चाळीसऐवजीं चार हजार दाखले मिळाले असते तरीही अंक ४ च राहिला असता.

हें माप अगदींच खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सुब्बय्या व असिजा यांनीं १९५६ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें जमिनींतील उपलब्ध नत्र मोजण्याची एक रीत अवघ्या दोन पानांत सांगितली. माती-परीक्षणाच्या अनेक प्रयोगशाळांत ती आजही चालते, आणि भारतांतील शेतीविषयक निबंधांत तिचा दाखला अखंड दिला जातो. येथें दाखला आणि उपयोग हातांत हात घालून चालतात. कारण उघड आहे. रीत वापरणारा स्वतः निबंध लिहिणारा असतो. ज्याचें घेतलें त्याचें नांव तो लिहून ठेवतो.

शेतकरी निबंध लिहीत नाहीं, आणि खरा घोटाळा येथेंच होतो. याचें उदाहरण म्हणून भाताचे पैदासकार डॉ. गुरुदेवसिंग खुश यांचें काम पाहूं. हे मूळचे पंजाबचे. अमेरिकेंत शिक्षण घेऊन १९६७ सालीं फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत गेले व २००१ पर्यंत तेथेंच राहिले. संस्थेनें १९६६ सालीं काढलेली आय. आर. ८ ही बुटकी जात तेव्हां आशियांत पसरत होती. तिचें उत्पन्न दांडगें. परंतु ती सुमारें १३० दिवस घेई व किडीरोगांस लवकर बळी पडे. तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणारा एक रोग तर असा कीं, रोप गवतासारखे बारीक फुटवे फोडून खुरटून बसे आणि दाणा धरीत नसे. या रोगास दाद न देणारें भात शोधण्यासाठीं संस्थेंत सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. त्यांत उत्तर प्रदेशांतून गेलेला रानभाताचा एकच नमुना उतरला. आपल्या जुन्या ग्रंथांत ज्याला नीवार म्हटलें आहे त्याच्याच नांवावरून या रानभाताचें शास्त्रीय नांव पडलें आहे.

त्या नीवाराचा गुण लागवडीच्या भातांत उतरवून, अनेक देशांच्या जातींचे संकर जुळवून, १९७६ सालीं आय. आर. ३६ बाहेर पडली. ती ११० दिवसांच्या आसपास निघे. म्हणून पाण्याची सोय असेल तेथें त्याच शेतांत वर्षांत आणखी एक पीक बसूं लागलें. पुढील दशकांत ती सुमारें १ कोटी १० लक्ष हेक्टरांवर लागत होती. १९९६ चें जागतिक अन्न पारितोषिक खुश यांस हेन्री बीचेल यांच्यासमवेत मिळालें.

आतां दाखल्यांची सूचि उघडावी. खुश यांच्या ज्या लिखाणास पुष्कळ दाखले मिळाले त्यांत दोन लेख ठळक आहेत: हरितक्रांतीच्या पुढील वाटेविषयींचा २००१ सालचा, व २०३० सालीं भात खाणाऱ्या पांच अब्ज लोकांस अन्न कसें पुरेल याविषयींचा २००५ सालचा. दोन्ही लेख चांगले आहेत, पण ते आढावा घेणारे. सेवेच्या अखेरीस व तिच्यानंतर प्रसिद्ध झालेले. आय. आर. ३६ चें बी ज्यांनीं पेरलें त्यांनीं कोणाचाच दाखला दिला नाहीं. पीक बरें आलें, शेजाऱ्यानें बी मागून नेलें, एवढाच त्यांचा दाखला. आणि तो कोणत्याही सूचींत चढत नाहीं. मराठींत लिहिलेल्या लेखांचीही जवळजवळ तीच गत. प्रस्तुत लेखकाचा अंक त्या हिशेबानें शून्य आहे.

हें सर्व पंडितांच्या घरचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. आपल्या देशांत राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमी नियतकालिकांस गुण देते, व नेमणुका-बढत्यांच्या वेळीं ते गुण धरले जातात. नवी जात संकरापासून शेतापर्यंत येण्यास आठ-दहा वर्षें सहज लागतात. तेवढ्या अवधींत अनेक निबंध छापून होतात. तरुण संशोधकानें कोणती वाट धरावी असें आपण त्यास सांगत आहों? मोहोळच्या केंद्रावर १९३० नंतरच्या दशकांत स्थानिक मालदांडींतून निवडलेली ३५-१ ही ज्वारी आजही रब्बींत पेरली जाते. ती निवडणाऱ्यांचा अंक किती होता, हें कोणी विचारीत नाहीं.

म्हणून सभासदांस आमची सूचना आहे कीं, विद्यापीठाच्या शिवारफेरीस किंवा चर्चासत्रास गेल्यावर निबंधांच्या संख्येबरोबर आणखी तीन आकडे विचारावे: या पैदासकाराच्या जातीच्या पैदासकार बियाण्यास या वर्षीं मागणी किती क्विंटलांची आली, ती जात किती वर्षें टिकून आहे, व कोणत्या जिल्ह्यांत ती शेतकऱ्यांनीं सोडून दिली. पहिला आकडा सरकारदप्तरीं असतोच. उरलेले दोन बहुधा आपल्यालाच गोळा करावे लागतील. त्यांसाठीं पुढील अंकासोबत एक कोरा तक्ता पाठविण्याचें आम्हीं योजिलें आहे.