ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करताना स्टार्टर कोणता घ्यायचा? आधी दाते मोजा, मग ऑर्डर द्या

या आठवड्याच्या व्हिडिओत गिअरबॉक्स कन्व्हर्जनचं कोटेशन कसं बनवायचं ते आपण बघितलं. त्यात स्टार्टरला मी जेमतेम दोन मिनिटं दिली. कोटेशनमध्ये हा पार्ट अगदी खाली, एका ओळीत येतो. पण सगळ्या कामाचा नफा खाऊन टाकायची ताकद याच ओळीत आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

उदाहरण अमेरिकेतलं घेतलंय, कारण तिथे हे काम खरोखर धंदा म्हणून चालतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या फोर्ड मस्टँग, शेव्हर्ले कमॅरो अशा गाड्या लोक ऑटोमॅटिक विकत घेतात आणि मग क्लचवाला गिअरबॉक्स बसवून घेतात. आपल्याकडे असं सरसकट करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल, असे बदल करायला मनाई आहे. त्यामुळे आरटीओत विचारल्याशिवाय हात घालू नका. पण पार्ट निवडायची पद्धत समजून घ्या. तुमचं स्पेअर पार्ट्सचं दुकान असो, ऑटो इलेक्ट्रिकचं काम असो किंवा परदेशातल्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचा असो, ती उपयोगी पडेल.

आता मूळ मुद्दा. स्टार्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सेल्फ, काय करतो? चावी फिरवली की त्याचा छोटा गिअर पुढे सरकतो, इंजिनच्या मागच्या मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकतो आणि इंजिन फिरवतो. ऑटोमॅटिक गाडीत हे मोठं चाक म्हणजे पत्र्याची पातळ फ्लेक्सप्लेट असते. मॅन्युअलमध्ये तिच्या जागी जाडजूड, वजनदार फ्लायव्हील येते, कारण क्लच प्लेट तिच्यावर घासायची असते. म्हणजे दात्यांची रिंग कुठे येते, किती मोठी असते, हे सगळं बदलू शकतं. बेलहाउसिंगही बदलतं. आणि आपण काउंटरवर काय विचारतो? "गाडी कुठली, मॉडेल कुठलं?" कन्व्हर्जन झालेल्या गाडीला हा प्रश्न चालत नाही. कागदावर ती १९६७ ची ऑटोमॅटिक मस्टँग असते, पण गाडीखाली १९८०-९० च्या दशकातला गिअरबॉक्स लटकलेला असतो. मॉडेल बघून दिलेला स्टार्टर बसेलही, बोल्टही लागतील, आणि तरी तो चुकीचा असेल.

फोर्डचं बघू. तिथे स्टार्टर इंजिनला नाही, बेलहाउसिंगला बसतो. फोर्डच्या छोट्या व्ही-८ इंजिनांना, म्हणजे २८९ आणि ३०२ ला, १५७ दात्यांची आणि १६४ दात्यांची अशा दोन्ही रिंग येतात. १६४ ची रिंग मोठी, म्हणून स्टार्टरची जागाही केंद्रापासून जास्त लांब. यात भर म्हणजे स्टार्टरचेही दोन प्रकार आहेत, एक ऑटोमॅटिकचा आणि एक जुन्या मॅन्युअलचा. दोघांचा फरक गिअर किती खोलवर येतो यात आहे.

इथेच लोक फसतात. "मॅन्युअल केली म्हणजे मॅन्युअलचा स्टार्टर," हे ऐकायला बरोबर वाटतं. जुन्या तीन किंवा चार गिअरच्या बॉक्सला ते खरंही आहे. पण आज बरेच लोक मस्टँगमध्ये पाच गिअरचा टी-५ बसवतात. त्याच्या बेलहाउसिंगसोबत सहसा ऑटोमॅटिकवाला स्टार्टरच चालतो. म्हणून तिथल्या पार्ट्सच्या डब्यांवर 'ऑटोमॅटिक किंवा पाच स्पीड' आणि 'तीन किंवा चार स्पीड' अशी विभागणी दिसते. म्हणजे पाच गिअरवाल्या गिऱ्हाइकाला 'मॅन्युअल' हा शब्द ऐकून डबा काढून दिलात, तर बहुतेक चुकीचाच डबा दिला.

अजून एक बारकी गोष्ट, जी कोटेशनमध्ये हमखास राहून जाते. फोर्डमध्ये इंजिन आणि बेलहाउसिंगच्या मध्ये एक पातळ प्लेट असते, ब्लॉक प्लेट. स्टार्टरची जागा तिच्यातल्या भोकाने ठरते. १५७ दात्यांची प्लेट वेगळी, १६४ ची वेगळी. ती न घालता काम केलं तर योग्य स्टार्टरसुद्धा वाकडं काम करतो. किमतीला किरकोळ, पण नंतर घालायची म्हटली की गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील परत उतरवायचे. फ्लायव्हील घेतानाच बॅलन्सही विचारून घ्या. जुन्या ३०२ ला २८ औंसवाली लागते, ऐंशीच्या दशकातल्याला ५० औंसवाली. याचा स्टार्टरशी संबंध नाही, पण चुकीची बसवली तर इंजिन थरथरतं आणि फोन तुम्हालाच येतो.

शेव्हर्लेचं गणित वेगळं आहे. तिच्या छोट्या व्ही-८ ला, अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर, स्टार्टर इंजिन ब्लॉकलाच खालून बसतो. त्यामुळे दात्यांची संख्या तीच ठेवली तर बऱ्याचदा जुना स्टार्टर चालून जातो. संख्या दोनच, १५३ किंवा १६८. १५३ ला दोन बोल्ट सरळ रेषेत येतात, १६८ ला तिरके. दोन्हीला चालणारे छोटे स्टार्टरही मिळतात, आणि दुकानात ठेवायला मला तोच माल शहाणपणाचा वाटतो. फक्त बेलहाउसिंग तपासा, लहान हाउसिंगमध्ये १६८ दात्यांची फ्लायव्हील मावत नाही.

शेव्हर्लेत स्टार्टरखाली पातळ शिम घालून दात्यांमधली फट जुळवावी लागते. फट साधारण ०.०२० ते ०.०३५ इंच, म्हणजे जाड पेपरक्लिप जाईल एवढी. कान दिलात तर आवाजही सांगतो. इंजिन सुरू होण्याआधी, सेल्फ फिरत असताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर फट जास्त. इंजिन सुरू झाल्यावर चावी सोडताना आला तर फट कमी. कानाडोळा केला तर रिंगचे दाते झिजतात.

वायरिंगचा विषय थोडक्यात. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच सेल्फ लागावा यासाठी एक स्विच असतो. ऑटोमॅटिक बॉक्स काढला की तो निकामी, आणि मग सेल्फ लागतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "नवीन स्टार्टर खराब दिलात." बरेच मेकॅनिक दोन वायरी जोडून मोकळे होतात. असं करू नका. गाडी गिअरमध्ये असताना कोणी चावी फिरवली तर ती सरळ पुढे उडी मारते, समोर माणूस असो की भिंत. क्लच पेडलला स्विच लावा आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये घ्या. रिव्हर्सचे दिवेही बऱ्याचदा त्याच जुन्या स्विचवर असतात, ते नवीन बॉक्सच्या स्विचवर आणा. फोर्डला नव्या पद्धतीचा छोटा स्टार्टर लावत असाल तर त्याचा सोलेनॉइड त्याच्या अंगावरच असतो. त्याला बॅटरीची जाड वायर थेट द्या आणि जुन्या रिलेकडून फक्त इशाऱ्याची वायर आणा. जुन्या पद्धतीने जंपर मारून जोडलात तर चावी सोडल्यावरही स्टार्टर थोडा वेळ फिरत राहू शकतो.

आता पैशाचं बोलू. समजा स्टार्टर विकून तुम्हाला दीड हजार सुटतात. तो चुकीचा निघाला आणि रिंगचे दाते गेले, तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं खाली. दोन माणसांची दिवसभराची मजुरी, नवीन रिंग, आणि पार्ट बाहेरून मागवला असेल तर शिपिंग आणि ड्यूटी परत एकदा. दीड हजारासाठी हा धोका कोणी घेऊ नये. म्हणून माझा आग्रह आहे की ऑर्डर घेण्याआधी एक कागद भरून घ्या. त्यावर इंजिन कुठलं, बेलहाउसिंगवरचा कास्टिंग नंबर काय, रिंगचे दाते किती, गिअरबॉक्स किती गिअरचा आणि ब्लॉक प्लेट आहे का, एवढं हवं. दाते मोजताना एका दात्यावर खडूची खूण करायला सांगा, नाहीतर मोजताना माणूस हमखास चुकतो. फोटो व्हॉट्सॲपवर घ्या आणि कागदावर गिऱ्हाइकाची सही. हे तपासायला वेळ जातो, त्याचे वेगळे पैसे लावले तरी चालतात. समजावून सांगितलं तर गिऱ्हाईक देतं.

आणि जुना स्टार्टर पहिल्याच दिवशी परत करू नका. अमेरिकेत जुना पार्ट दिला की डिपॉझिट परत मिळतं, त्यामुळे काढल्या काढल्या तो देऊन टाकायची घाई होते. गाडी थंड इंजिनवर आणि गरम इंजिनवर, दोन्ही वेळा नीट सुरू होईपर्यंत तो शेल्फवर राहू दे. काम टी-५ चं असेल तर बऱ्याचदा तोच परत बसतो.