शाळेचा अभ्यासक्रम आणि शेताचा हंगाम

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या तालुक्यांतून जाणाऱ्यास रस्त्याच्या दोन्ही अंगांस बेदाण्याच्या शेड दिसतात. पोटॅशियम कार्बोनेट व इथिल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवून काढलेली द्राक्षे जाळीच्या रॅकवर पसरलेली असतात आणि बायामाणसांची एकच धांदल चाललेली असते. त्याच दिवसांत कृष्णाकाठी हळद काढून शिजविण्याचे काम चालते व महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीची तोडणी सुरू असते. नेमक्या याच दिवसांत या गावांतील दहावी-बारावीचा विद्यार्थी परीक्षेस बसलेला असतो. ज्याने शेती हाच विषय घेतला आहे, त्याचीही स्थिती याहून निराळी नसते. बेदाणा कसा तयार करतात हे त्यास उत्तरपत्रिकेत लिहिता येईल. परंतु ते डोळ्यांनी पाहण्याचे व हातांनी करण्याचे दिवस तो बाकावर बसून घालवीत असतो.

पुढे एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते. या छाटणीनंतर फुटणाऱ्या नव्या काडीतच पुढील हंगामाच्या घडांची सूक्ष्म निर्मिती होते. म्हणजे पिकाचा पाया उन्हाळ्यात घातला जातो. शाळेस तेव्हा सुट्टी असते. जूनमध्ये शाळा उघडते तोवर हळदीची लागणही बव्हंशी उरकत आलेली असते. शाळेत शेती शिकणारा मुलगा द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तेवढी पाहतो आणि अर्धे पीक शिकून बाहेर पडतो.

माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील व्यवसायशिक्षणाच्या अभ्यासक्रमांची फेरमांडणी राज्यात होत असता हा विसंवाद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाचा परिचय करून देण्याचे ठरविले. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन प्रकार मानले: सजीवांशी संबंधित काम, यंत्रे व साहित्य यांच्याशी संबंधित काम, आणि मानवी सेवेचे काम. शेती व पशुपालन पहिल्या प्रकारात येतात. महाराष्ट्राच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मे २०२४ मध्ये राज्याच्या आराखड्याचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला. असले कागद गावापर्यंत फारसे पोचत नाहीत आणि पोचले तरी ते शिक्षणखात्याचे म्हणून शेतकी कार्यकर्ते बाजूस ठेवतात. ही सवय सोडावयास हवी. कारण गावात कोणते पीक केव्हा उभे असते हे शाळेपेक्षा त्यांस अधिक ठाऊक असते.

शाळेत धंदा शिकवावा हा विचार जुना आहे. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी उद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळा सुचविल्या व त्यांत शेतीची स्वतंत्र शाखा ठेविली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवावर भर दिला. १९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिकचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत व २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळविण्याचे लक्ष्य ठेविले. ते गाठले गेले नाही. अभ्यासक्रमाचा अभाव हे या अपयशाचे कारण म्हणता येत नाही. अनेक ठिकाणी शेतीचा वर्ग हा कमी गुण मिळालेल्या मुलांची सोय मानला गेला, शाळेच्या जमिनीस पाणी नव्हते, आणि प्रात्यक्षिकाची वही घरी बसून पुरी करण्याची वाट सर्वांनाच सोयीची वाटली. ज्या बापाने स्वतः उन्हात आयुष्य काढले, त्याने मुलास अशा वर्गात घालण्याचे टाळले तर त्यास दोष देता येणार नाही.

सातारा व सांगली या जिल्ह्यांस तर श्रम आणि शिक्षण यांची सांगड परकी नाही. १९४९ पूर्वी हा मुलूख सातारा या एकाच नावाने ओळखला जाई. पुढे दक्षिण सातारा निराळा झाला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. याच भूमीत कऱ्हाडजवळील काले येथे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथील मुले स्वतः राबत, स्वतः रांधत व शिकत. 'कमवा व शिका' ही योजना त्याच रोपट्याची फांदी होय. मात्र एक भेद येथे विसरता कामा नये. त्या योजनेत श्रम हे शिक्षणाचा खर्च भागविण्याचे साधन होते. आज जे करावयाचे आहे त्यात श्रम हाच अभ्यासाचा विषय आहे. तेव्हा त्याची मोजणी, नोंद व परीक्षा शास्त्रीय रीतीनेच झाली पाहिजे.

या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील पाबळचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवड्यातून एक दिवस मुले हातांनी काम करतात: लोखंड व लाकूडकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, घर व आरोग्य. एकाच धंद्यात मुलास कोंडून न ठेवता चारही अंगांची ओळख करून द्यावयाची, अशी त्यामागील भूमिका आहे. शिवाय मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे यावर तेथे कटाक्ष असतो. दहावीच्या परीक्षेसाठी राज्याच्या मंडळाने या विषयास मान्यताही दिली. ज्या मुलास पंपाची जोडणी व पिकाची लागण या दोन्ही गोष्टी येतात, त्याची गरज गावात कधी संपत नाही. किर्लोस्करवाडीस १९१० पासून नांगर व यंत्रे घडविणाऱ्या या प्रदेशास हे अधिक विवरण करून सांगावयास नको.

हंगामाचा प्रश्न अमेरिकेतही उपस्थित झाला होता. तेथील १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने माध्यमिक शाळांतील शेतीशिक्षणास सरकारी पैसा देताना एक अट घातली. विद्यार्थ्याने शाळेच्या किंवा अन्य शेतावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली, वर्षातून निदान सहा महिने प्रत्यक्ष काम केले पाहिजे, अशी ती अट होती. बापाच्या शेतातील एक तुकडा, चार कोंबड्या किंवा एक कालवड हीच मुलाची प्रयोगशाळा झाली. शिक्षक सुट्टीतही घरोघर जाऊन ती पाहत असे. आपल्याकडे शाळांपाशी जमीन थोडी व पाणी त्याहून थोडे. त्यामुळे घरच्या रानातील दोन-चार गुंठ्यांचा हा मार्ग येथेही सोयीचा ठरेल. ज्यांच्या घरी जमीनच नाही अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी परसातील कोंबड्या, शेळी, रोपवाटिका किंवा ठिबक दुरुस्तीचे काम धरावे. एरव्ही हा विषय जमीनदारांच्या मुलांपुरताच उरेल.

आता निकषांविषयी. २०१३ मध्ये केंद्र सरकारने कौशल्यांचा जो राष्ट्रीय आराखडा अधिसूचित केला, त्यात विद्यार्थ्यास काय माहीत आहे याबरोबरच त्यास काय करता येते व तो किती जबाबदारी पेलतो हेही पाहावयाचे असते. ही मांडणी योग्य आहे. अडचण पुढे येते. भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने नववी-दहावीसाठी केलेल्या शेतीच्या पाठ्यक्रमांपैकी एक टोमॅटो, वांगी, मिरची या वर्गातील भाजीपाल्याचा आहे. ज्या गावात ही पिके होतात तेथे तो उत्तम होय. परंतु जत-आटपाडीच्या डाळिंबाच्या पट्ट्यात, माण-खटावच्या कोरड्या रानात किंवा तासगावच्या बागेत मुलाने तेवढेच शिकावे काय? निकष राज्याचा असावा व पीक गावाचे असावे, ही वाट दोन्ही बाजूंस परवडणारी आहे. 'रोपवाटिकेत निरोगी रोप तयार करणे' हा निकष सर्वत्र एक राहील. रोप टोमॅटोचे असो वा पानमळ्यातील वेलाचे. 'जनावराचे आजारपण लक्षणांवरून ओळखून वेळेवर डॉक्टरास कळविणे' हाही सर्वत्र एक राहील. जनावर खिलार असो वा माडग्याळ मेंढी.

निकषाची भाषाही तपासली पाहिजे. 'ठिबक सिंचनाचे फायदे सांगता येतात' असे लिहिले की परीक्षा तोंडी होते आणि ठिबकाचा संच पाहिलाही नसलेला मुलगा तीत उत्तीर्ण होतो. त्याऐवजी असे म्हणावे: विद्यार्थी लॅटरलच्या आरंभीच्या, मधल्या व शेवटच्या ड्रिपरखाली भांडी ठेवून ठरावीक मिनिटांचे पाणी मोजतो, तफावत काढतो, फिल्टर उघडून धुतो व पुन्हा मोजतो. यास ना मोठा खर्च लागतो ना मोठे शेत. आणि गणिताच्या शिक्षकासही त्यात काम मिळते.

क्षारपड जमिनीचा प्रश्न याच पद्धतीने शाळेत आणता येईल. कृष्णा-वारणा काठच्या वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत अतिपाण्यामुळे व निचऱ्याअभावी उसाची कसदार जमीन पांढरी पडली आहे. त्या गावांतील मुलाने दर महिन्यास ठरलेल्या ठिकाणी भूजलाची खोली मोजावी, मातीचा सामू व क्षारता तपासून घ्यावी आणि दोन वर्षांची ओळ कागदावर काढावी. पाटाला पाणी किती वेळा सोडले याची नोंद शेजारी ठेवली म्हणजे त्या ओळीचा अर्थ घरच्या वडीलधाऱ्यांसही कळेल. भाषणांनी जे साधले नाही ते अशा एका कागदाने साधण्याचा संभव आहे.

दोन गोष्टींबाबत सावधगिरी हवी. पहिली औषधांची. द्राक्षबागेत फवारण्या पुष्कळ होतात. विद्यार्थ्याने कोणत्याही निमित्ताने औषध हाताळता कामा नये. नोझलमधून मिनिटास किती द्रव पडतो हे साध्या पाण्याने शिकविता येते, आणि डब्यावरील त्रिकोणाच्या रंगाचा अर्थ तर वर्गातच शिकवावा. दुसरी गोष्ट फुकटच्या मजुरीची. शाळेचे आवार झाडणे किंवा कोणा बागायतदाराची तोडणी उरकून देणे यास प्रात्यक्षिक म्हणू नये. मुलाने त्या दिवशी काय नवे शिकले हे वहीत लिहिता येत नसेल तर ते काम अभ्यासक्रमात धरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे पुढाकार घ्यावा. शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटून गावातील पिकांचे महिनावार कोष्टक द्यावे. कोणत्या आठवड्यात कोणाच्या रानात कोणते काम पाहता येईल ते त्यात असावे. चांगली छाटणी करणारा मजूर, हळद शिजविणारा जाणता माणूस, मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री यांची नावे द्यावीत. असे लोक वर्गात बोलावण्यास नव्या धोरणात वाव आहे, आणि फळ्यापुढे उभे राहण्याचा त्यांस संकोच वाटला तर वर्गच त्यांच्याकडे न्यावा. सातारा जिल्ह्यात बोरगाव व कालवडे, सांगली जिल्ह्यात कांचनपूर येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. उसासाठी फलटण तालुक्यातील पाडेगावचे व हळदीसाठी कसबे डिग्रजचे संशोधन केंद्र आहे. शिक्षकास वर्षातून काही दिवस तेथे घालविता आले तर दहा वर्षांपूर्वीच्या टिपणांवर त्याचा वर्ग चालणार नाही.

परीक्षेची वेळ मात्र गावास बदलता येत नाही. यासाठी प्रात्यक्षिकाचे गुण अखेरच्या एका दिवसावर न ठेवता हंगामागणिक नोंदविण्याची सोय नव्या निकषांत असावी, अशी सूचना शाळांनी व शेतकऱ्यांनी लेखी करावयास हवी. दोन वर्षांचा अभ्यासक्रम या कामी उपकारक आहे. आडसाली ऊस १५ जुलै ते १५ ऑगस्ट या मुदतीत लावतात व तो सोळा ते अठरा महिन्यांनी तोडणीस येतो. नववीच्या वर्गाने श्रावणाच्या सुमारास बेणे निवडून, बेणेप्रक्रिया करून पाच गुंठे लागण केली, तर तीच मुले दहावीत असता, परीक्षेपूर्वी, डिसेंबर-जानेवारीत तो तोडून वजन करू शकतात. मधल्या काळातील पाणी, खते, मजुरी व मिळालेला भाव यांची वही त्यांच्याच हातची असेल, आणि परीक्षकाने प्रथम तीच मागावी.