जोडीचा नाच बायका एकट्या का नाचल्या?

हातात हात धरून फिरायची फुगडी एकटीला घालता येत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाचा ‘क्वेका’ हा लोकनाचही तसाच जोडीचा. बाई आणि पुरुष समोरासमोर, हातात रुमाल घेऊन नाचतात.

सप्टेंबर १९७३ मध्ये तिथं लष्करानं सत्ता बळकावली. त्यानंतर पकडून नेलेली हजारावर माणसं घरी परतलीच नाहीत. दाद मागायची कुणाकडे? मग त्यांच्या बायका, आया, बहिणींनी संघटना बांधली. ८ मार्च १९७८ ला, महिला दिनी, राजधानी सान्तियागोत त्या क्वेका नाचल्या, पण जोडीदाराविना. समोरची जागा रिकामी. हाच ‘क्वेका सोला’, म्हणजे एकटीचा क्वेका. पुढं छातीवर बेपत्ता माणसाचा फोटो लावून नाचणं ही त्याची ओळख झाली.

भाषण दाबता येतं. पण सगळ्यांच्या ओळखीच्या नाचातली रिकामी जागा बघणाऱ्याला न सांगताच कळते. १९८८ मध्ये हुकूमशहा पिनोशेला आणखी आठ वर्षं द्यायची का, यावर मतदान झालं. विरोधकांच्या टीव्ही प्रचारातून हा नाच घरोघरी पोचला. ५ ऑक्टोबरला बहुमतानं ‘नाही’ म्हटलं.

नुसत्या नाचानं सत्ता पडली असं नाही. पण घरात एकेकट्या रडणाऱ्या बायका त्यानं एकत्र आणल्या. बहुतेक बेपत्ता माणसं अजून सापडलेली नाहीत. त्यांच्या शोधाची राष्ट्रीय योजना सरकारनं २०२३ मध्ये सुरू केली.